कट नव्हता, मार्चअखेर होती

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या तरुण मैत्रिणींनी एक सूचना मांडली. येत्या निवासी शिबिरात ‘लोकसंख्या आणि बाईचं शरीर’ या सत्राची सुरुवात ‘यूटोपिया’ या इंग्रजी मालिकेचे दोन भाग दाखवून करावी. "ताई, तुम्ही इतकी वर्षं घसा फोडून जे सांगताय तेच यात आहे. लोकांची पोरंबाळं बंद करण्याचा कट. भाषण सुरू झालं की बाया पेंगतात, हे बघताना नाही पेंगणार."

सूचना मंजूर झाली. विरोधात मी एकटी. आणि मला धड विरोधही करता आला नाही, कारण मी मालिका पाहिलेलीच नव्हती. न वाचता, न पाहता बंदी मागणारे लोक आपण खूप पाहिले आहेत. त्यांच्या रांगेत मला बसायचं नव्हतं. म्हणून भाचीला शेजारी बसवलं, कळेना तिथे थांबवून विचारलं, आणि बाराच्या बारा भाग पाहिले. आता बोलते. बैठकीत बोलायचं राहिलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न एका शिबिरापुरता नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘यूटोपिया’ ही ब्रिटनमधल्या चॅनल फोर या वाहिनीची मालिका. लेखक डेनिस केली. जानेवारी २०१३ पासून पहिले सहा भाग आले, जुलै-ऑगस्ट २०१४ मध्ये दुसरे सहा. प्रेक्षक कमी, म्हणून ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली. २०२० मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने गिलियन फ्लिन या लेखिकेकडून तीच गोष्ट नव्याने करून घेतली. ती तर आठ भागांतच आटोपली.

गोष्ट अशी. एका शास्त्रज्ञाने काढलेल्या चित्रकथेचं हस्तलिखित काही सामान्य माणसांच्या हाती लागतं आणि त्यांच्या मागे मारेकरी लागतात. मागावर असते ‘नेटवर्क’ नावाची गुप्त टोळी. तिचे हात सरकारात, कंपन्यांत, गुप्तहेर खात्यात, सगळीकडे. त्यांचं म्हणणं, पृथ्वीवर माणसं फार झाली, अन्न आणि तेल पुरणार नाही. उपाय एकच. फ्लूची खोटी साथ उठवायची, लोकांना घाबरवायचं, घाबरलेले लोक रांगा लावून लस घेतील, आणि त्या लशीतून ‘जेनस’ नावाचा पदार्थ शरीरात जाऊन शंभरातली नव्वद-पंचाण्णव माणसं कायमची वंध्य होतील. आरोग्य खात्यातल्या एका कारकुनी वृत्तीच्या अधिकाऱ्याला धमकावून त्या लशीची खरेदी करायला लावतात. पहिल्या सहा भागांच्या शेवटी कळतं की या सगळ्याची सूत्रधार एक प्रौढ बाई आहे. जेराल्डिन जेम्स या अभिनेत्रीने ती भूमिका फार ताकदीने केली आहे, हे कबूल.

हेही कबूल की मालिका पकड घेते. रंग भडक पिवळे, संगीत अंगावर काटा आणणारं, हिंसा मात्र नको तितकी. पहिल्याच भागातला डोळ्याचा छळ मी तोंड फिरवून ‘पाहिला’. पण माझी तक्रार हिंसेबद्दल नाही. आपल्या मुली म्हणतात ते ‘आपलंच यात आहे’ हे खरं नाही, ही माझी तक्रार आहे. आपलं जे आहे ते यात उलटं करून ठेवलंय. कसं ते सांगण्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. इतक्या वर्षांत दोन-तीन जणींपलीकडे कुणाला सांगितलेली नाही.

मोठी मुलगी १९८४ ची. १९८६ मध्ये पुन्हा दिवस गेले, पण तब्येत इतकी खालावली की डॉक्टरांनी पिशवी साफ करायचा सल्ला दिला. तालुक्याच्या गावी एका सरकारी दवाखान्यात गेले. सही घेतली, केलं, संध्याकाळी घरी पाठवलं. वर्षभराने तब्येत सुधारली आणि आम्हा दोघांनाही दुसरं मूल हवंसं झालं. ते होईना. एक वर्ष, दोन वर्षं. सासूबाई आधी उपास सांगायच्या, मग टोमणे मारू लागल्या. गावात ‘एकीवरच अडलेली’ म्हणून नाव पडलं. दर महिन्याला पाळी आली की मी न्हाणीघरात रडून घ्यायची. १९८९ मध्ये बहिणीकडे शहरात गेले असताना तिने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "अहो, मूल कसं होईल? आत तांबी आहे की!"

मी परत आले ती थेट त्या दवाखान्यात गेले. नर्सबाई त्याच होत्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी रजिस्टर काढलं, पान शोधलं, माझं नाव दाखवलं. पुढे तांबीच्या रकान्यात खूण होती. मी विचारलं, मला न सांगता का बसवली? त्या बाई घाबरल्या नाहीत, ओशाळल्याही नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मार्चअखेर होती हो. केशी पुऱ्या व्हायच्या होत्या."

मैत्रिणींनो, माझ्या आयुष्यातली ती तीन वर्षं कुणी कट करून घेतली नाहीत. तिथे गुप्त टोळी नव्हती, मारेकरी नव्हता, हस्तलिखित नव्हतं. एक रजिस्टर होतं, एक रकाना होता आणि एक तारीख होती. नर्सबाईंना केशी पुऱ्या झाल्या नाहीत तर पगारवाढ अडण्याची भीती होती. त्यांच्या वरच्यांना त्यांच्या वरच्यांची भीती. सगळं लिहिलेलं होतं. माझं नावसुद्धा शुद्ध लिहिलेलं होतं. फक्त मला विचारलेलं नव्हतं.

‘यूटोपिया’वरचा माझा पहिला आक्षेप इथून सुरू होतो. ती सांगते की माणसांची प्रजननशक्ती काढून घ्यायची तर ते गुप्तपणेच करावं लागेल. कळलं तर जग पेटून उठेल. खरा इतिहास काय आहे? कळलं होतं, आणि जग पेटलं नाही. उलट शाबासकी दिली.

या विचाराचा मूळपुरुष माल्थस. त्याचा निबंध १७९८ चा. १८०५ पासून हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करायला निघालेली पोरं गरिबांच्या संख्येचा हिशेब त्यांच्याकडून शिकून बोटीवर चढत. १९६८ मध्ये अमेरिकेत पॉल एहर्लिक यांचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ गाजलं. ते सुरू कुठून होतं? दिल्लीच्या एका टॅक्सीतून. टॅक्सीच्या काचेतून दिसणाऱ्या गर्दीने लेखकाला घाम फुटतो. त्या गर्दीतल्या एकाही बाईशी तो बोलत नाही. त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला तेव्हा, अमेरिकेच्या जॉन्सन सरकारने आपल्याला गहू देताना कुटुंबनियोजनाचा रेटा लावला होता. मग आणीबाणी. एप्रिल १९७६ मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झालं आणि सक्ती करायची तर राज्यांनी करावी, अशी वाट मोकळी झाली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. जागतिक बँकेचे अध्यक्ष मॅक्नमारा १९७६ च्या अखेरीला दिल्लीत येऊन कौतुक करून गेले.

आणि आपण महाराष्ट्रातल्या बायांनी दिल्लीकडे, बिहारकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये. तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक देशात पहिल्यांदा मंजूर केलं ते आपल्या विधिमंडळाने, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच. पण ते सभागृहात वाचलं गेलं, चर्चा झाली, हात वर झाले. सगळं नोंदलेलं आहे. असल्या विधेयकाला हस्तलिखितात कोण दडवतं? ते छापून वाटतात.

मालिकेतल्या त्या सूत्रधार बाईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. बाई, एवढी माणसं मारलीत, एवढी खोटी साथ उठवलीत, कशाला? एक परिपत्रक काढायचं होतं.

दुसरा आक्षेप. मालिकेतलं भय कशाचं आहे ते नीट पाहा. ‘जेनस’ कुणालाच सोडत नाही, हे ते भय. श्रीमंत-गरीब, गोरा-काळा, कुणाच्या वाट्याला वंध्यत्व येईल याचा नेम नाही. लंडनच्या घरात चहा पिणाऱ्या प्रेक्षकाला वाटतं, अरे बापरे, उद्या माझ्यावरही येईल! म्हणूनच ती त्याच्यासाठी थरारकथा होते.

प्रत्यक्षात असं सरसकट कधी झालंय का? नेम नेहमी धरलेला असतो. पेरूमध्ये फुजिमोरी यांच्या राजवटीत, १९९६ ते २००० या काळात, अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांत मोठ्या संख्येने डोंगराळ भागातल्या, स्पॅनिश न येणाऱ्या आदिवासी बाया होत्या. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९७३ मध्ये दोन काळ्या बहिणींची, चौदा आणि बारा वर्षांच्या पोरींची, नसबंदी झाली. निरक्षर आईने कागदावर फुली मारली होती. बिहारच्या अररिया जिल्ह्यात ७ जानेवारी २०१२ च्या रात्री एका शाळेत, बाकांवर निजवून, विजेरीच्या उजेडात, दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशनं उरकली. या सगळ्यांत एखादी कलेक्टरची बायको सापडते का? कारखानदाराची सून सापडते का?

आता एक योगायोग पाहा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘यूटोपिया’ बंद झाली. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ, बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत, एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायांची बिनटाक्याची ऑपरेशनं केली. त्यांतल्या १३ जणी पुढच्या काही दिवसांत मेल्या. नियमाप्रमाणे एका दिवसात तीसच्या वर ऑपरेशनं करायची नव्हती. ऑपरेशन निष्काळजीपणे झालं की औषधात खोट होती, यावर मग वाद झाला. मेलेल्या बाया त्या वादात परत आल्या नाहीत. आणि २४ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘यूटोपिया’ला उत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. एकाच महिन्यात. वंध्यत्वाच्या कल्पित कटाला टाळ्या पडत होत्या तेव्हा इकडे लहान लहान पोरं आईचं प्रेत घेऊन बसली होती. मालिकेवाल्यांचा यात दोष नाही. पण कुठल्या गोष्टीने कुणाच्या अंगावर काटा येतो, हे यातून कळतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बारा भागांत ‘माणसं फार झाली’ हे म्हणणं कुणी खोडून काढतच नाही. वाईट माणसं ते बोलतात, चांगली माणसं गोंधळतात. विल्सन नावाचा त्यांच्यातला एक जण, ज्याचा डोळा याच टोळीने काढला, तोच शेवटी त्यांच्या बाजूला जातो, कारण हिशेब त्याला पटतो. प्रेक्षकालाही तसंच वाटावं अशी मांडणी आहे: मार्ग क्रूर आहे, पण मुद्दा बरोबर आहे. आणीबाणीबद्दल आपल्याकडचे सुशिक्षित लोक अजून हेच म्हणत नाहीत का? "पद्धत चुकली, पण हेतू चांगला होता."

हेतूच वाईट होता, हे आपण ठणकावून सांगितलं पाहिजे. आकडे आपल्या बाजूने आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा जननदर बाईमागे २ मुलांवर आला आहे, महाराष्ट्राचा १.७. म्हणजे लोकसंख्या जागच्या जागी राहायला लागतो त्याहूनही कमी. केरळ, तमिळनाडू हे आधीच करून बसले, आणि तिथे मुलींच्या शाळेचा आणि जगणाऱ्या बाळांचा त्यात मोठा वाटा होता. पोर जगेल याची खात्री वाटली की बाई आपणहून थांबते. तिला थांबू दिलं तर. आणि पृथ्वीवरचा बोजा म्हणाल, तर जगातले सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोक निम्म्याच्या आसपास कार्बन हवेत सोडतात. चार लेकरांची ऊसतोडणी मजूर बाई विमानात बसत नाही.

पण मालिकेला हा हिशेब मांडायचाच नाही, कारण त्यासाठी बायांना विचारावं लागेल. आणि तिच्यातल्या बाईचं काय होतं ते बघा. नायिका जेसिका हाइड. लहानपणापासून पळणारी, कुणावर विश्वास न ठेवणारी, हातात बंदूक. आपल्या पोरींना ती फार आवडली. पण पहिल्या सहा भागांच्या शेवटी उलगडा काय होतो? ज्या सूत्रासाठी सगळे जिवावर उठलेत ते कागदावर नाहीच. तिच्या शास्त्रज्ञ बापाने ते तिच्या रक्तात लपवलेलं आहे. म्हणजे ती माणूस नाही, बरणी आहे. बापाने भरली, टोळीने ताब्यात घेतली. दुसऱ्या पर्वात ती कोंडलेलीच सापडते. हे पाहताना मला धक्का बसला नाही, ओळख पटली. माझ्याही शरीरात मला न सांगता काहीतरी ठेवून दिलेलं होतं. फरक इतकाच की जेसिकाच्या शरीरातल्या गुपितासाठी जग हादरतं, आणि माझ्यासाठी रकान्यात एक खूण झाली.

ब्रिटनच्या लोकांना घरच्या घरी खरी गोष्ट सापडली असती. मालिकेचं दुसरं पर्व १९७० च्या दशकात सुरू होतं. टोळी तेव्हा आपला बेत आखते आहे. त्याच काळात त्याच देशात डेपो-प्रोव्हेरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन वापरात होतं. आधी परवाना होता तो तात्पुरत्या वापरापुरता: रुबेलाची लस दिलेल्या बाईला, किंवा जिच्या नवऱ्याची नसबंदी झाली आहे तिला. लस आणि गर्भनिरोधक हातात हात घालून, तेही उघडपणे! काळ्या, आशियाई आणि गरीब गोऱ्या बायांना ते नीट न सांगता दिलं जातं, अशा तक्रारी आल्या. आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांच्या ‘ओवाड’ या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम केली. तरी १९८४ मध्ये त्याला दीर्घकाळ वापरण्याचा परवाना मिळाला. आणि अलीकडचं सांगायचं तर, २०१७ मध्ये ब्रिटनने गरीब कुटुंबांना तिसऱ्या मुलापासूनची मदत थांबवली. बलात्कारातून झालेल्या मुलासाठी सवलत हवी, तर बाईने तसं अर्जात सांगायचं. २०२५ मध्ये ही मर्यादा उठवण्याची घोषणा झाली, पण मधली आठ वर्षं बायांनी ते फॉर्म भरले. हे सगळं कुठल्या गुप्त टोळीने केलं? मंत्र्याने केलं. अर्थसंकल्पात मांडून केलं.

आता चौथा मुद्दा. यासाठीच मी शिबिराबद्दल एवढी हट्टाला पेटले आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात शाळांमधून गोवर-रुबेलाची लस द्यायला सुरुवात झाली. आम्ही काम करतो त्या वस्तीत अर्ध्याअधिक आया पोरांना शाळेत पाठवेनात. का? तर "ही लस घेतली की पोरं पुढे वांझ होतात." एक आई मला म्हणाली, "ताई, तुम्हीच तर सांगता ना, सरकार गरिबाची पोरं मोजतं म्हणून!" मला तिथे उभ्या उभ्या घाम फुटला. माझंच वाक्य माझ्यासमोर उभं राहिलं होतं, वेगळेच कपडे घालून. २०२१ मध्ये कोविडच्या लशीच्या वेळीही तेच झालं: पाळी जाते, पिशवी सुकते. गोवराने पोर दगावतं. रुबेला गरोदर बाईला झाला तर पोटातलं बाळ बहिरं, आंधळं जन्माला येऊ शकतं. म्हणजे कटाच्या भीतीची किंमत पुन्हा बायाच भरणार, आणि त्यांची लेकरं.

मी त्या आयांना अडाणी म्हणणार नाही. त्यांचा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस एका प्रकल्पात दिली. खम्मममध्ये आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या. महिला आणि आरोग्य संघटनांनी आवाज उठवल्यावर एप्रिल २०१० मध्ये ते थांबलं, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पण लक्षात घ्या, तिथे आपण काय म्हटलं? लसच विषारी आहे असं म्हटलं नाही. मुलींना आणि पालकांना न विचारता का टोचली, नंतर त्यांच्याकडे कुणी पाहिलं का, असं विचारलं. या दोन वाक्यांतलं अंतर म्हणजे आपली सगळी चळवळ आहे. ‘यूटोपिया’ ते अंतर पुसून टाकते. ती पाहून उठलेली बाई ‘मला विचारलं का?’ असं विचारणार नाही. ती म्हणेल, ‘लस नको.’

यावर बैठकीत एक तरुण मैत्रीण म्हणाली होती, "पण ताई, लपवाछपवी तर झालीच ना? मग कट नाही कसं म्हणता?" बरोबर आहे, झाली. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९८५ मध्ये नेट-एन इंजेक्शनच्या चाचण्या सुरू असताना आलेल्या बायांना ही चाचणी आहे हेच माहीत नव्हतं. पण ते उघड कसं झालं? स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे गेल्या, बायांशी बोलल्या. १९८६ मध्ये सहेली आणि इतर संघटनांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ती याचिका २००० पर्यंत चालली. अखेर, जिथे नीट देखरेख ठेवता येणार नाही अशा सरसकट कार्यक्रमात नेट-एन आणणार नाही, असं सरकारला लिहून द्यावं लागलं. क्विनाक्रिनच्या गोळ्या गर्भाशयात ठेवून बायांना वंध्य करण्याचा प्रकार चालला होता, त्यावर १९९८ मध्ये बंदी आली, तीही अशीच, कागद जमवून, कोर्टात उभं राहून. अररियाच्या त्या रात्रीवरून देविका बिस्वास यांनी याचिका केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करा.

यात एकही निवडक शूरवीर नाही. फाइली आहेत, एसटीचे प्रवास आहेत, तारखांवर तारखा आहेत. आणि जिंकलेलं पुन्हा हातचं जातं तेही उघडपणेच: इतक्या विरोधानंतर २०१७ पासून डेपोचं इंजेक्शन ‘अंतरा’ या गोड नावाने सरकारी कार्यक्रमात आलंच. ते हवं असणाऱ्या बाईला मिळावं, माझी ना नाही. पण पाळी बंद पडली, हाडं ठिसूळ झाली तर ती कुणाकडे जाणार, हा १९८५ चा प्रश्न अजून तिथेच आहे. कटाच्या गोष्टीत शेवटच्या भागात सूत्रधार सापडतो. आपल्या गोष्टीत सूत्रधार सापडत नाही, कारण तो खुर्ची आहे. माणूस बदलतो, खुर्ची राहते.

केंद्राने १९९६ मध्ये टार्गेटं रद्द केली. कागदावर केली. अररिया आणि बिलासपूर त्यानंतरचे आहेत. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत लग्न झालेल्या बायांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, धोका कमी, तरी हे प्रमाण. आणीबाणीत पुरुषांवर सक्ती झाली तेव्हा सरकार पडलं. मग सक्ती बायांवर वळली, आणि त्यावर कुठलं सरकार पडलं?

आपल्या दाराशीच पाहा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न गाजला. राज्याच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. तिथे कुणी गुप्त बैठक घेतली होती? मुकादमाने उचल दिलेली असते, खाडा पडला की पैसे कापतात, पाळीत फडात ना पाणी ना आडोसा, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं तर डॉक्टर कॅन्सरचं भय घालतो. प्रत्येक जण आपापला हिशेब करतो, आणि त्या सगळ्या हिशेबांची बेरीज बाईच्या पोटात होते.

म्हणून माझं म्हणणं असं. ‘यूटोपिया’चे दोन भाग दाखवू नका, असं मी आता म्हणत नाही. बाराही पाहून झाल्यावर माझा तो हट्ट गेला. एक भाग दाखवा, तोही सुरुवातीला नको, शेवटी. आधी चार कागद वाचा. १९७६ चं आपल्या विधिमंडळाचं विधेयक. अररियाच्या खटल्यातला २०१६ चा निकाल, मराठीत करून. जवळच्या आरोग्य केंद्राकडून माहितीच्या अधिकारात मागवलेले गेल्या तीन वर्षांचे आकडे: किती बायांची ऑपरेशनं, किती पुरुषांची, कुठल्या महिन्यात किती. मार्चचा आकडा वेगळा काढा. आणि संमतीपत्राचा कोरा नमुना. तो प्रत्येकीने मोठ्याने वाचायचा आणि कळला का ते सांगायचं.

मग दिवे मालवून मालिका लावा आणि बायांना विचारा, यांना एवढं लपवावं का लागलं? मला खात्री आहे, कुणीतरी म्हातारी पदर तोंडाला लावून हसेल.

तुमचं झालं की मी माझी गोष्ट सांगेन. तांबी काढल्यावर, १९९१ मध्ये, मला दुसरी मुलगी झाली. तिच्या वेळेला बाळंतपणाला दुसरीकडे गेले. टेबलावर पडल्या पडल्या पहिलं वाक्य मी बोलले ते हे: "काहीही करण्याआधी मला विचारायचं." डॉक्टर चमकले. असं बोलणारी त्यांची ती पहिलीच पेशंट असावी. शेवटची नसावी, एवढ्यासाठीच आपण शिबिरं घेतो.